अर्धं तपकिरी जाळं

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी उगाच वाट बघत बसायला नको. त्या वर्षीचा बास्केटबॉलचा युरोपियन चॅम्पियन कप आम्ही जिंकला नाही. फायनलमध्ये चार गुणांनी हरलो, आणि तेही परक्या शहरात, परक्या हॉलमध्ये, नायलॉनच्या जाळ्यांत. तिथे माझ्या भावाची जाळी लावली असती तर काय झालं असतं, ते मी बोलत नाही. आमच्या लूचित्सात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मला सांगायचंय ते या भावाबद्दल. लोव्रे त्याचं नाव. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, माझ्या खांद्याएवढा, आणि अख्ख्या दाल्मात्सियात त्याच्यासारखी गाठ मारणारा दुसरा माणूस नाही. दुसऱ्या नंबरवर मी आहे. हे फक्त इथे लिहितोय, चौकात मी स्वतःलाच पहिला म्हणवून घेतो.

लोव्रेची गोष्ट खरं म्हणजे ओकारीपासून सुरू होते. तो सात वर्षांचा असताना बाबांनी त्याला पहिल्यांदा होडीत घेतलं. समुद्र ताटातल्या सूपासारखा निवांत होता. धक्क्याच्या टोकाला पोचायच्या आत पोरगं पांढरंफटक, आणि सकाळचं दूध-पाव सगळं बाबांच्या बुटांवर. दुसऱ्यांदा नेलं, तेच. तिसऱ्यांदा तर होडी अजून दोरीला बांधलेली होती, तेवढ्यातच. बाबा म्हणाले, "याला किनाऱ्यावरच ठेवा. हा मासे पकडायचा नाही, उलट मासेच याच्यामागे जेवायला येतील."

बंदरात सगळे हसले. कोळ्याच्या पोराला बोट लागते म्हणजे आमच्याकडे काय असतं, ते तुम्ही समजून घ्या. जे फार हसले त्यातल्या दोघांना मी समजावलं. एकाचा दात अजून खोटा आहे.

मग लोव्रे धक्क्यावर म्हाताऱ्यांच्यात बसायला लागला. फाटकी जाळी, लाकडी सुई, सुताचा गुंडा. म्हातारे बडबडायचे, हा विणायचा. बाराव्या वर्षी तो त्या सगळ्यांपेक्षा वेगात विणत होता, न बघता, ऑलिव्हची बी तोंडात चघळत. होड्या परत आल्या की लोक माझ्याकडे मासे मागायचे आणि त्याच्याकडे जाळी टाकायचे.

आता आमच्या गावात मुलं डोलकाठीसारखी वाढतात आणि चालायला लागली की बास्केटबॉल खेळतात. चर्चच्या मागे एक रिंग, मासळी कारखान्याच्या भिंतीवर एक, शाळेत दोन. लोव्रेला खेळाचं वेड सगळ्यांपेक्षा जास्त, पण उंचीचं काय करणार? वीस वर्षांचा झाल्यावर त्याला गावच्या ब्रोदार क्लबच्या हॉलवर नोकरी लागली. किल्ल्या सांभाळायच्या, फरशी पुसायची, हवा गरम करायचं मशीन चालवायचं. एका हिवाळ्यात दुकानातून आणलेलं जाळं फाटलं. झाग्रेबहून नवीन यायला दोन महिने लागणार होते. लोव्रेने रिंगला जाळं अडकवायचे आकडे मोजले, बारा. घरी येऊन बाबांच्या माळ्यावरचं जाड सुती सूत काढलं आणि बारा घरांचं जाळं विणलं.

ते जाळं लागलं त्या दिवशी मी हॉलमध्ये होतो. दुकानातल्या जाळ्यातून बॉल असा पडायचा, जशी फाटक्या खिशातून किल्ली. लोव्रेच्या जाळ्यात तो आत शिरला, जाळ्याने त्याला घट्ट धरला, एक श्वास घेतला, आणि मग सोडला. आवाज झाला, सप्प! खेळाडू थांबले. आमचा कॅप्टन विंको, तेव्हा तो नवखाच होता, त्याने परत टाकला. सप्प. मग सगळे रांग लावून टाकायला लागले, नुसता आवाज ऐकायला. त्या दिवसापासून आमच्या हॉलमध्ये बाहेरचं जाळं लागलं नाही.

पंधरा वर्षांनी आम्ही युगोस्लावियाचे चॅम्पियन झालो. सात हजार वस्तीचं गाव, जहाजं दुरुस्त करणाऱ्या कामगारांचा क्लब. आणि चॅम्पियन झालं की पुढच्या वर्षी युरोपात खेळायचं, हा नियम.

गावात महिनाभर कुणी धड काम केलं नाही. फक्त एक माणूस काळजीत होता, क्लबचे सेक्रेटरी श्योर एमिल, म्हणजे आमच्या बोलीत एमिलसाहेब. सूट, टाय, हातात कायम फाइल. ते हॉलमध्ये आले आणि जाळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "लोव्रे, हे इतकी वर्षं चाललं. आता युरोप आहे. इथे मासळीबाजार नको. मी त्रिएस्तेहून नायलॉनची जाळी मागवली आहेत."

लोव्रे फरशी पुसत राहिला. तो बोलतच नाही, बोलायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे. पण त्या दिवशी जेवताना त्याने मासा नुसता काट्याने उलटसुलट केला.

मी म्हटलं, "काय रे?"

"काही नाही."

"नायलॉन?"

"मी खेळत नाही, पाश्को. उंची नाही. होडीत बसता येत नाही. मला एवढंच येतं." आणि परत मासा उलटवला. "एक सीझन. शेवटच्या मॅचपर्यंत माझी जाळी राहिली पाहिजेत. मग घाला नायलॉन, नाहीतर लोखंडी साखळी घाला."

तेव्हा त्याला वाचवलं ते बार्बा बाल्दोने. बार्बा बाल्दो म्हणजे आमचा कोच. आधी मालवाहू जहाजावर कप्तान होता, आणि कप्तानाला आमच्याकडे बार्बा म्हणतात, म्हणून कोच झाल्यावरही सगळे त्याला बार्बाच म्हणायचे. पहिली मोठी मॅच माद्रिदवाल्यांशी होती. आदल्या आठवड्यात तो आमच्या तळघरात आला, वाइनच्या पिंपावर बसला आणि न विचारता माझ्या ताटातल्या भाजलेल्या तारल्या खायला लागला.

"लोव्रे, हे माद्रिदवाले पळतात रे."

"पळू देत की, बार्बा."

"पळू देत काय! आपण बास्केट टाकली की यांचा माणूस खालचा बॉल उचलतो, फेकतो, आणि आपण अजून एकमेकांना टाळ्या देतोय तोवर तिकडे गुण. माझा सेंटर चौतीस वर्षांचा आहे. त्याला नुसतं वळायला एक सेकंद लागतो."

लोव्रे विणता विणता थांबला. "बॉल जाळ्यातून जरा उशिरा पडला तर?"

"किती उशिरा?"

"सेंटर वळेपर्यंत."

बार्बाने तारलीचं डोकं तोंडातून बाहेर काढलं. "असं करता येतं?"

"खालच्या ओळींची घरं बारीक केली की झालं."

"नियमात बसतं?"

मी मध्ये पडलो, कारण हॉलच्या दारावर चिकटवलेले नियम मी वाचले होते. "जाळ्याने बॉल क्षणभर थांबवावा, असं लिहिलंय. क्षण केवढा, ते लिहिलेलं नाही."

बार्बा माझ्याकडे बघत म्हणाला, "पाश्को, तू आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी बोललास." आणि माझी शेवटची तारली उचलली.

माद्रिदवाले आले, त्यांनी पळायला पाय उचलले, पण बॉल जाळ्यात बसलेला. नुसता डोळा मिटून उघडावा एवढाच वेळ, पण तेवढ्यात आमचा म्हातारा सेंटर वळून, नाक शिंकरून, जागेवर उभा. आम्ही अकरा गुणांनी जिंकलो. मग मॉस्कोवाले आले. ते सव्वादोन मीटरचे पहाड, हळू चालणारे. त्यांच्यासाठी लोव्रेने घरं मोठी केली. बॉल धप्पकन खाली यायचा आणि आम्ही पळायचो. सहा गुणांनी जिंकलो. प्रत्येक मॅचला नवीन जोडी. दोन्ही बाजूंना सारखी, अगदी घर मोजून सारखी, फसवणूक नाही. जे जाळं त्यांना, तेच आम्हाला. फक्त आमच्या पायांना ते आधीपासून माहीत असायचं.

श्योर एमिल नायलॉनची पिशवी कपाटात ठेवून रोज हात चोळायचे. पण जिंकणाऱ्या कोचला कोण बोलणार?

असा तो हिवाळा. कारखान्यातल्या बायका शिफ्ट बदलून मॅचला यायच्या, फादर संध्याकाळची प्रार्थना निम्म्यात गुंडाळायचे. बाहेरच्या मॅचेस आम्ही हरायचो, घरची एकही नाही. मार्च आला आणि हिशेब असा झाला की शेवटची मॅच आमच्या हॉलमध्ये, समुद्रापलीकडच्या इटालियन लोकांशी. जो जिंकेल तो फायनलला. आणि टीव्हीवाले येणार होते, रंगीत. सगळ्या युरोपात दिसणार होतं.

आता जे झालं ते मी सरळ सांगतो. चूक झाली. ती कुणाची होती तेही सांगतो, पण आधी हे ऐका की माझा हेतू चांगला होता.

मॅचच्या आदल्या दुपारी लोव्रेची एक बाजू विणून झाली होती. इटालियन पण पळणारे, म्हणून जाळं एकदम बारीक घराचं, बॉल जेमतेम सुटेल असं. ते खिळ्यावर टांगून, दुसरं अर्धं सोडून तो फरशी पुसायला हॉलवर गेला. मी ते टांगलेलं जाळं बघत बसलो. चांगलं होतं. फक्त पांढरं होतं. बाईच्या झोपायच्या झग्यासारखं पांढरं. मला वाटलं, उद्या पॅरिसमध्ये, रोममध्ये लोक टीव्हीवर बघतील, आणि त्यांना वाटेल हे दुकानातलं आहे. माझ्या भावाचं आहे हे कळणार कसं? कोळ्याचं खरं जाळं तपकिरी असतं. बाबा प्रत्येक सुती जाळं पाइनच्या सालीच्या काढ्यात बुडवायचे, म्हणजे कुजत नाही आणि रंग येतो. सगळ्यांनी नायलॉन घेतलं तरी मी साल ठेवली आहे. तसं केल्याशिवाय जाळ्याला आमच्या घरात जाळं म्हणत नाहीत.

मी मोठं पातेलं चुलीवर ठेवलं. माझी बायको लूत्से आत आली.

"पाश्को, ते माझं सूपाचं पातेलं आहे."

"आज त्यात युरोपचं सूप आहे."

"ते जाळं कुणाचं आहे?"

"माझ्या भावाचं."

"त्याला विचारलंस?"

"भावाला काय विचारायचं?"

लूत्से म्हणाली, "देवा, या माणसाला तूच बघ," आणि शेजारणीकडे पातेलं मागायला गेली.

सकाळी लोव्रे दुसरं जाळं पुरं करायला आला. खिळ्याकडे बघितलं.

"पाश्को, हे काय?"

"जाळं."

"माझं जाळं पांढरं होतं."

"आता खरं झालं. बघ रंग! मधासारखा!"

त्याने हात लावला. "ओलं आहे."

"वाळेल की."

"वाळल्यावर काय होईल?"

"काय व्हायचंय? तीस वर्षं मी जाळी रंगवतोय. एक तरी बिघडलं?"

नवीन विणायला वेळ नव्हता, दुसरंच अजून अर्धं होतं. आणि मी मोठा भाऊ. लहानपणापासून मी सांगितलं आणि त्याने ऐकलं. त्याने ते ओलं जाळं पिशवीत घातलं.

माझ्या डोक्यात जी गोष्ट आली नाही ती ही, की समुद्रातलं जाळं पाण्यात राहतं. काढ्याने ते आक्रसलं, ताठ झालं, तरी पाणी त्याला मऊ ठेवतं. हॉलमध्ये पाणी नसतं. हॉलमध्ये गरम हवेचं मशीन असतं, छताला दिवे असतात, आणि त्या दिवशी टीव्हीवाल्यांनी आणखी दिवे आणले होते, सूर्यासारखे.

दुपारी युरोपियन फेडरेशनचे डेलिगेट आले. श्योर ओडरमाट, स्वित्झर्लंडचे, बारीक चष्मा, इटालियन बोलायचे, ती भाषा आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांना येते, म्हणजे आम्हाला सगळं कळायचं. त्यांनी फरशी मोजली, रिंग मोजली, आणि एका जाळ्याखाली उभे राहिले.

"हे तपकिरी का?"

श्योर एमिलना घाम फुटला. "स्थानिक पद्धत."

डेलिगेटनी हात लावला. "ओलं आहे."

"समुद्रकिनारा आहे, श्योर. आमच्याकडे सगळंच ओलं असतं."

त्यांनी तीनदा बॉल टाकून बघितला. ओलं जाळं मऊ होतं, बॉल सुटला. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले.

मॅच सहाला सुरू झाली. तीन हजारांचा हॉल, साडेचार हजार माणसं. मी तिसऱ्या रांगेत, लोव्रे खाली फरशीच्या कडेला, हातात फडकं. पहिल्या हाफला इटालियन माझ्या तपकिरी जाळ्यावर टाकत होते. सात मिनिटं सगळं छान. मग त्यांच्या एका उंच माणसाने टाकला, बॉल रिंगमधून आत गेला, आणि खाली आलाच नाही.

सगळे वर बघायला लागले. बॉल जाळ्यात बसून राहिला होता, घरट्यातल्या कोंबडीसारखा.

रेफ्रीने शिट्टी मारली. गुण दिले, नियम तसाच आहे, आत राहिला तरी गुण. पण खेळ थांबला. लोव्रे झाडू घेऊन धावला आणि दांड्याने ढोसून बॉल खाली पाडला. लोक हसले. दोन मिनिटांनी परत अडकला. परत झाडू. परत हसले, पण कमी. तिसऱ्यांदा अडकला तेव्हा इटालियन कोच कोट काढून फरशीवर आला.

"हा माशांचा सापळा आहे! बघा, हा सापळा लावलाय!"

वरून कारखान्यातली एक बाई ओरडली, "मग तुम्ही मासे आहात का?"

हॉल फुटला हसून. पण मी हसलो नाही. मला खाली लोव्रेचा चेहरा दिसत होता. तसा चेहरा मी एकदाच बघितला होता, तो सात वर्षांचा असताना, होडीत.

हाफटाइमला आम्ही एक्केचाळीस, ते छत्तीस. खेळाडू आत गेले आणि डेलिगेट सरळ तपकिरी जाळ्याखाली. इटालियन कोच मागे, श्योर एमिल मागे, नायलॉनची पिशवी हातात, कुठून आली देव जाणे.

"हे कुणी केलं?" डेलिगेटनी विचारलं.

"मी," लोव्रे म्हणाला. "जाळं माझं आहे."

मी तिसऱ्या रांगेतून दोन बाकं ओलांडून फरशीवर उडी मारली. "खोटं बोलतोय! रंग मी दिला! याला विचारलंसुद्धा नाही!"

"तू गप बस," लोव्रे म्हणाला.

"मी का गप बसू? माझ्याच हाताने झालंय!"

श्योर एमिल म्हणाले, "उद्या दोघांनाही बघतो मी. लोव्रे, किल्ल्या आणून ठेव टेबलावर."

डेलिगेटनी हात वर केला. "ते तुमचं तुम्ही बघा. माझं एवढंच. दोन्ही जाळी सारखी हवीत, आणि बॉल अडकता कामा नये. दहा मिनिटं आहेत. नाहीतर दोन्हीकडे नायलॉन लावा, आणि मी रिपोर्टमध्ये लिहीन की घरच्या संघाने जाळ्यात मुद्दाम छेडछाड केली. मग या मॅचचं काय करायचं ते वर ठरवतील."

एमिलनी पिशवी उघडली.

आणि मग माझा भाऊ, जो घरी मीठ मागतानाही हळू बोलतो, तो टीव्हीच्या दिव्यांखाली ओरडला, "श्योर एमिल, पिशवी खाली ठेवा! दहा मिनिटं माझी आहेत!"

एमिलनी खरंच खाली ठेवली. मला वाटतं त्यांना स्वतःलाही कळलं नाही.

लोव्रेने शिडी लावली. मी म्हटलं, "मी पण चढतो, दोघं मिळून..."

"तू शिडी धर."

"माझी गाठ पण..."

"पाश्को. शिडी धर. आणि चाकू दे."

मी चाकू दिला आणि शिडी धरली. तो वर गेला. वरच्या तीन ओळी रुंद, तिथे बॉल अडकत नव्हता. त्याखालचं सगळं त्याने कचाकच कापलं. तपकिरी तुकडे माझ्या डोक्यावर पडले. खाली आता चार ओळी नव्या विणायच्या होत्या. एका ओळीत बारा घरं, एका घराला एक गाठ. अठ्ठेचाळीस गाठी. मापाची पट्टी घरी राहिली होती. त्याने खिशातून सुई काढली, सूत तिच्यावर नेहमी भरलेलंच असतं, आणि डाव्या हाताची दोन बोटं घरात घालून माप घेतलं.

पहिली गाठ. दुसरी. कुणी बिअर आणायला उठलं नाही. तिसरी गाठ ओढली तेव्हा वरून तीच कारखान्यातली बाई म्हणाली, "तीन."

चौथीला दहा जणी म्हणाल्या, "चार!"

पाचवीला अख्खा हॉल.

मी शिडी धरून उभा. साडेचार हजार माणसं माझ्या भावाच्या गाठी मोजत होती. टीव्हीचा कॅमेरा फिरला तो थेट त्याच्या हातांवर. "अकरा! बारा!" पहिली ओळ संपली तर टाळ्या, जणू बास्केट झाली. तो वर बघेना, खाली बघेना. घाम हनुवटीवरून गळत होता. विसाव्या गाठीला शिडी थरथरली. मी ओरडलो, "कोण हलवतंय?" लोव्रे वरून म्हणाला, "तूच हलवतोयस." मग मी दात आवळून उभा राहिलो.

तिसाव्या गाठीपर्यंत इटालियन लोकही त्यांच्या भाषेत मोजायला लागले होते. ते कोपऱ्यात बसले होते, अडीचशे जण. काय करणार, मोजणं थांबवता येत नाही. डेलिगेट घड्याळ हातात घेऊन उभे. खेळाडू बाहेर आले आणि तेही मान वर करून उभे राहिले.

"सेहेचाळीस!"

"सत्तेचाळीस!"

शेवटची गाठ त्याने ओढली, सूत दातांनी तोडलं, आणि हॉलचं छत उडालं असं वाटलं. घड्याळात चाळीस सेकंद उरले होते.

डेलिगेटनी बॉल मागितला. टाकला. बॉल आत गेला, जाळ्याने धरला, सोडला. सप्प. परत टाकला. सप्प. दुसऱ्या टोकाला जाऊन पांढऱ्या जाळ्यात टाकला, कान लावून ऐकलं, परत या टोकाला आले, परत टाकला. दहा वेळा. मग चष्मा पुसत म्हणाले, "बेने." म्हणजे, छान.

इटालियन कोचनेही एकदा टाकून बघितला. तो अडकला नाही तेव्हा त्याने खांदे उडवले आणि लोव्रेच्या पाठीवर थाप मारून गेला. तोही किनाऱ्यावरचाच असणार.

दुसऱ्या हाफला ती रिंग आमची. विंकोने लांबून पहिला टाकला. अर्धं तपकिरी, अर्धं पांढरं जाळं, आणि मधून बॉल. शिट्टी वाजली नाही. झाडूची गरज पडली नाही. लोव्रे तेव्हा कुठे फरशीच्या कडेला खाली बसला, आणि मला दिसलं की त्याचे हात मांडीवर नुसते पडले आहेत, विणत नाहीयेत. मी त्याला तसा आधी कधी बघितला नव्हता.

आम्ही नऊ गुणांनी जिंकलो. चौऱ्याऐंशी, पंचाहत्तर. शेवटच्या मिनिटाला गाव रडत होतं, गात होतं, फादरांनी कुणाच्या तरी बायकोला मिठी मारली आणि नंतर माफी मागितली. बार्बा बाल्दोला खेळाडूंनी उचलून बंदराकडे नेलं आणि टायसकट पाण्यात टाकलं. पाणी बर्फासारखं. तो आतून ओरडत होता की असाच थंड समुद्र त्याला हवा होता.

आम्ही दोघं गेलो नाही. किल्ल्या टेबलावर होत्या आणि श्योर एमिल टेबलामागे. डेलिगेट त्यांच्या शेजारी बसून रिपोर्ट भरत होते. मोठा छापील कागद, चौकोनच चौकोन. फरशी, बोर्ड, घड्याळ, बॉल, आणि प्रत्येकापुढे बनवणाऱ्याचं नाव. जाळ्याच्या चौकोनाशी ते थांबले.

"बनवणारा?"

एमिलनी लोव्रेकडे बघितलं. मग टायची गाठ सैल केली. नायलॉनची पिशवी पायाने टेबलाखाली ढकलली. "लोव्रे बाबाच," ते आडनावासकट म्हणाले. "लूचित्सा. लिहा. लो, व्रे. मी अक्षरं सांगतो."

आणि त्यांनी खरंच एक एक अक्षर सांगितलं, डेलिगेटनी छापील अक्षरांत लिहिलं. मग एमिलनी किल्ल्या उचलून लोव्रेच्या हातात दिल्या. "हॉल बंद कर. आणि पुढच्या सीझनला आधी मला दाखवायचं."

"पुढच्या सीझनला?" लोव्रेने विचारलं.

"मग काय, मी विणू?"

मी टेबलावर दोन्ही हात टेकवले. "श्योर ओडरमाट, अजून एक. रंग देणाऱ्याचंही नाव लिहा की. पाश्को बाबाच. अक्षरं मी सांगतो."

डेलिगेटनी पेन उचललंसुद्धा.

"लिहू नका," लोव्रे म्हणाला, आणि इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.